आधी शेतकरी, मग विश्वविजेता : जिम क्लार्कच्या मुलखात

एडिनबरोहून दक्षिणेला जाणाऱ्या आगगाडीत डावीकडची खिडकी पकडावी. डनबर मागे पडलं की बराच वेळ समुद्र सोबत करतो. आम्ही बेरिकला उतरलो आणि डन्सची बस धरली. फॉर्म्युला वन या सर्वात वरच्या दर्जाच्या मोटारशर्यतींचा साठच्या दशकातला विश्वविजेता जिम क्लार्क, त्याचं संग्रहालय तिथे आहे. गंमत म्हणजे बेरिक इंग्लंडात आणि डन्स स्कॉटलंडात, त्यामुळे स्कॉटलंडमधून निघून पुन्हा स्कॉटलंडमध्येच जायला मध्ये इंग्लंडात डोकवावं लागतं.

माझा मावसभाऊ एडिनबरोत नोकरी करतो. तो फॉर्म्युला वनचा चालक लुइस हॅमिल्टन याचा हाडाचा भक्त. बसमधून जवाची शेतं, मेंढ्या आणि पुन्हा जवाची शेतं बघून तो वैतागला. "अरे, शर्यतीचं काहीतरी दाखवतो म्हणालास आणि इकडे तर नुसती शेती!"

पण क्लार्कचं मूळ याच शेतीत आहे. जिम क्लार्कचा जन्म ४ मार्च १९३६चा, फाइफमधल्या किल्मेनीचा. चार बहिणींच्या पाठीवर झालेला हा एकुलता एक मुलगा. तो सहा वर्षांचा असताना घरच्यांनी चर्नसाइडजवळ एडिंग्टन मेन्सची शेती घेतली. आजोबा आणि काका गेल्यावर शाळा सोडून तो शेतीला लागला. ट्रॅक्टर चालवायचा, मेंढ्या बघायचा. मोटारींच्या शर्यती आईवडिलांना अजिबात पसंत नव्हत्या. १९५६ साली एका मित्राच्या डीकेडब्ल्यू गाडीतून तो पहिल्यांदा शर्यतीत उतरला आणि चार वर्षांत लोटस संघाकडून फॉर्म्युला वनमध्ये पोचलासुद्धा.

डन्समधलं संग्रहालय छोटंसं आहे, एका तासात बघून होईल असं. आम्ही तीन तास काढले. मुलाच्या मृत्यूनंतर आईवडिलांनी त्याचे करंडक या गावाला दिले. आधी ते एका खोलीत मांडलेले होते, २०१९ साली ती जागा वाढवून आजचं संग्रहालय उभं राहिलं. चांदीचे पेले, ताटं, ढाली यांची इतकी दाटी आहे की थोड्या वेळाने त्यांचं अप्रूप संपतं. माझे पाय अडकले ते हिरव्या लोटस २५ पाशी.

ही गाडी फोटोत कितीही वेळा पाहिलेली असो, समोर आली की पहिल्यांदा जाणवतो तो तिचा लहानपणा. उंची माझ्या मांडीपर्यंतही नाही. चालकाने आत बसायचं नाही, जवळजवळ आडवं व्हायचं. तोवरच्या गाड्या म्हणजे नळ्यांचा सांगाडा आणि त्यावर पत्रा. लोटसचा संस्थापक कॉलिन चॅपमन याने १९६२ साली सांगाडाच काढून टाकला. ॲल्युमिनियमचे पत्रे रिव्हेटने जोडून त्याने एक लांबट पेटी केली आणि तिच्या दोन्ही कुशींत पेट्रोलच्या रबरी पिशव्या बसवल्या. गाडी हलकी झाली आणि कितीतरी ताठही. मी वाकून रिव्हेटची रांग न्याहाळत होतो. भाऊ शेजारी उभा राहून म्हणाला, "म्हणजे दोन्हीकडे पेट्रोल आणि मध्ये माणूस?" हो, तसंच. पत्रा बोटाने दाबला तर दबेल असा वाटतो. दाबून बघायची अर्थातच परवानगी नाही.

या गाडीतून क्लार्क १९६३ साली दहापैकी सात शर्यती जिंकला आणि विश्वविजेता झाला. दुसरं विजेतेपद १९६५ चं. त्याच वर्षी मोनाकोची शर्यत सोडून तो इंडियानापोलिसला गेला. तिथे २०० पैकी १९० फेऱ्या आघाडीवर राहून त्याने पाचशे मैलांची शर्यत मारली. इंजिन मागे असलेल्या गाडीने ती शर्यत जिंकण्याची ही पहिलीच वेळ. त्यानंतर पुढच्या बाजूला इंजिन असलेल्या अमेरिकन गाड्यांचे दिवस भरलेच. एकाच वर्षी हे दोन्ही मान मिळवणारा दुसरा कुणी आजवर झालेला नाही.

एकूण ७२ शर्यती, २५ विजय, ३३ वेळा पहिल्या जागेवरून सुरुवात. मला मात्र एक वेगळाच आकडा जास्त बोलका वाटतो. क्लार्क दुसरा आला तो अख्ख्या कारकिर्दीत एकदाच, १९६३ साली जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंगला. बहुतेक वेळा तो एकतर जिंकायचा, नाहीतर गाडी दगा द्यायची. १९६२ आणि १९६४ची विजेतेपदं शेवटच्या शर्यतीत तेलगळतीने गेली. १९६४ला तर मेक्सिकोत शेवटून दुसऱ्या फेरीत! चॅपमनच्या गाड्या वेगवान होत्या तशाच नाजूकही, आणि त्या नाजूक गाड्यांना जपून चालवणारा त्या काळातला सगळ्यात हलका हात क्लार्कचा होता. त्याच्या गाडीचे ब्रेक आणि टायर सहकाऱ्यांच्या मानाने कमी झिजायचे. झटापट नाही, गाडी आडवी टाकणं नाही. बघणाऱ्याला वाटावं, हा काही विशेष करतच नाहीये.

बेल्जियममधलं स्पा त्याला मनापासून नकोसं होतं. १९६० साली तिथल्या एकाच शर्यतीत ख्रिस ब्रिस्टो आणि क्लार्कचा संघसहकारी ॲलन स्टेसी असे दोघं चालक गेले. पुढच्या वर्षी मोन्झाला फॉन ट्रिप्सची फेरारी क्लार्कच्या गाडीला घासून लोकांत घुसली. ट्रिप्स आणि कितीतरी प्रेक्षक मेले, आणि इटलीतल्या चौकशीचा ससेमिरा क्लार्कमागे बराच काळ राहिला. तरी १९६२ ते ६५ अशी सलग चार वर्षं स्पा त्यानेच जिंकलं. १९६३ला भर पावसात वरचा गिअर सारखा निसटत होता, तर एका हाताने दांडा धरून ठेवत आणि दुसऱ्याने चाक वळवत तो जवळजवळ पाच मिनिटांच्या फरकाने पहिला आला. हा किस्सा सांगून झाल्यावर आमच्या हॅमिल्टनभक्ताने मान डोलावली. त्याच्याकडून एवढं म्हणजे खूप झालं.

गाडीबाहेर हाच माणूस नखं खाणारा आणि धड निर्णय न घेणारा. त्याचे मित्र आणि स्कॉटिश चालक जॅकी स्टुअर्ट सांगतात की एकदा रेल्वेच्या फाटकापाशी दोन्हीकडे लांबवर रूळ मोकळे दिसत असूनही क्लार्क थांबून शेजारच्याला विचारत बसला, जाऊ की नको.

परतताना चर्नसाइडला उतरलो. गावात त्याच्या नावाचं एक घड्याळ आहे आणि स्मशानभूमीत त्याचं थडगं. दगडावर आधी शेतकरी असं कोरलंय, त्यानंतर विश्वविजेतेपदं, त्यानंतर इंडियानापोलिस. खरंतर शेवटच्या वर्षी करांच्या कटकटीपायी तो देशाबाहेरच राहत होता, शेतावर येणंही मोजूनमापून. त्यामुळे दगडावरचा हा क्रम वाचून मला जरा भरून आलं. भाऊसुद्धा काही बोलला नाही.

७ एप्रिल १९६८ला जर्मनीतल्या हॉकेनहाइमला, फॉर्म्युला टूच्या तशा किरकोळ शर्यतीत, त्याची लोटस जंगलातल्या सरळ रस्त्यावरून भरकटली आणि झाडांवर आदळली. मागच्या टायरमधली हवा गेली असावी, असं मानतात. वय अवघं ३२. त्याच वर्षी १ जानेवारीला दक्षिण आफ्रिकेत पंचविसावा विजय मिळवून त्याने अर्जेंटिनाचा चालक फांजिओ याचा सर्वाधिक विजयांचा विक्रम मोडला होता. रस्ता आणि झाडं यांच्यामध्ये अडसर म्हणून काहीही नव्हतं. इतर चालक हादरले ते यामुळे की मरायला चुकावं लागतं, हा त्यांचा दिलासाच गेला. क्लार्क तर चुकत नसे. स्टुअर्टनी कठडे, डॉक्टर, अग्निशमन यांसाठी आयोजकांशी भांडण चालूच ठेवलं, आणि त्यात भित्रेपणाचे टोमणेही खाल्ले. आज चालक उलटलेल्या गाडीतून बाहेर येऊन हात हलवतात ती सोय तेव्हा भांडून मिळवलेली आहे.

जाणार असाल तर हिवाळा टाळा, संग्रहालय तेव्हा बंद असतं. आणि बेरिकच्या परतीच्या बसची वेळ आधीच बघून ठेवा. एक चुकली की पुढची येईपर्यंत गावात चहा पिण्यापलीकडे फारसं काही करता येत नाही. चहा मात्र चांगला मिळतो.