तुम्ही विचारलंत म्हणून: किती क्युसेकला घर सोडायचं?

दर जुलैत हाच प्रश्न येतो: ‘पुण्याच्या वरच्या खडकवासला धरणातून मुठा नदीत इतके क्युसेक सोडले असा मेसेज येतो, पण आमच्या पार्किंगमध्ये पाणी येणार की नाही हे कसं ओळखायचं?’ विचारणारे बहुतेक एकतानगरी, विठ्ठलवाडी, पुलाची वाडी, पाटील इस्टेट, ताडीवाला रस्ता अशा सखल भागांत राहणारे, नदीकाठचे पुणेकर. नुसत्या आकड्यावरून ते ओळखता येत नाही. आकडा आपल्या इमारतीच्या पायरीशी जोडून ठेवावा लागतो, आणि हे काम कोरड्या दिवसांत करायचं असतं.

एक क्युसेक म्हणजे सेकंदाला 28.3 लिटर. 35 हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला जवळजवळ दहा लाख लिटर, दहा हजार लिटरचे शंभर टँकर. 25 जुलै 2024 च्या पहाटे विसर्ग याच आकड्याच्या आसपास गेला आणि एकतानगरीतल्या सोसायट्यांचे तळमजले पाण्यात गेले. विसर्ग वाढला तो लोक झोपेत असताना. खडकवासल्याची क्षमता जेमतेम 1.97 टीएमसी (एक टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट पाणी), वरच्या बाजूची पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही धरणं धरून चौघांची मिळून 29 च्या वर. त्यामुळे वरची धरणं अर्धी रिकामी असली तरी खडकवासल्याच्या स्वतःच्या पाणलोटात धो धो कोसळला की ते काही तासांत भरतं आणि दारं उघडावीच लागतात. ‘पानशेत अजून भरलं नाही’ हा दिलासा म्हणून धरू नका.

शिवाय मेसेजमधला आकडा फक्त धरणातून सोडलेल्या पाण्याचा असतो. धरणाच्या खाली शहरात पडणारा पाऊस आणि ओढ्यानाल्यांचं पाणी त्यात नसतं. राडारोडा पडून पात्र आक्रसलं की तेवढंच पाणी जास्त वर चढतं. म्हणून ‘मागे एवढं सोडलं तेव्हा काही झालं नव्हतं’ ही आठवण सर्वांत धोक्याची.

तेव्हा स्वतःची मोजपट्टी करा. गच्चीवरून किंवा गेटपासून दिसणारी न हलणारी वस्तू निवडा: पुलाचा खांब, घाटाची पायरी, संरक्षक भिंत. तिच्यावर फूटफुटाला ऑइलपेंटने रेघ आणि अंक. वॉचमनच्या वहीत तीन रकाने: विसर्गाचा आकडा, तो कळल्याची वेळ, पाणी कोणत्या रेघेला आणि किती वाजता. दोन पावसाळ्यांत तुमच्या इमारतीचा हिशेब तुमच्या हातात येतो. मग तीन रेघा ठरवून टाका. पहिलीला गाड्या चढावर. दुसरीला तळमजल्यावरची म्हातारी माणसं, लहान मुलं आणि आजारी माणसं वर. तिसरीला वीज बंद. रात्री रेघ बघायला दोघांची पाळी लावा, प्रत्येकी तीन तास, हातात टॉर्च. पाणी चढू लागल्यावर बैठक घेत बसाल तर उशीर झालेला असतो.

गेटकडे डोळे लावून बसलं तरी पाणी आधी संडासातून येतं, हे बहुतेकांना माहीत नसतं. ड्रेनेजच्या मोठ्या लाइनी नदीकाठाने जातात. त्या तुंबल्या की मैला उलटा चेंबरमध्ये येतो. नहाणीच्या जाळीतून गुडगुड आवाज आला की समजा, तासभरही हातात नाही. कायमचा उपाय म्हणजे सोसायटीच्या शेवटच्या चेंबरला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी बाहेर जाऊ देणारी पण उलटं येऊ न देणारी झडप, आणि तो मे महिन्यात उघडून साफ करणं. कचरा अडकला तर झडप बंदच होत नाही. तात्पुरता उपाय: जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत अर्धी वाळू, तोंड घट्ट बांधून ती संडासाच्या भांड्यात आणि नहाणीच्या तोंडावर दाबून ठेवायची.

गेटवर वाळूची पोती लावणार असाल तर ती दोन तृतीयांशच भरा. गच्च भरलेली पोती एकमेकांत बसत नाहीत, फटींतून पाणी येतं. विटांच्या बांधणीसारखे सांधे चुकवून रचा, पाण्याच्या बाजूने प्लॅस्टिकची ताडपत्री. ही भिंत दोन फुटांपर्यंतच भरवशाची.

विजेबाबत मी कुणाचंही मन राखत नाही. पाणी मीटर खोलीच्या उंबऱ्याशी येण्याआधी, कोरड्या पायांनी, मेन स्विच बंद. पाण्यात उभं राहून स्विचला हात लावायचा नाही; 1912 ला फोन करून महावितरणकडून पुरवठा तोडून घ्या. 25 जुलै 2024 च्या त्याच पहाटे पुलाची वाडी परिसरात हातगाडी हलवताना तिघांचा विजेच्या धक्क्याने जीव गेला. वीज बंद करण्याआधी लिफ्ट सर्वांत वरच्या मजल्यावर नेऊन तिथेच थांबवा, नाहीतर खड्ड्यात पाणी भरून खराब होते. तळमजल्यावरचा भरलेला गॅस सिलिंडरही पाण्यावर तरंगतो. रेग्युलेटर काढून, टोपी लावून तो वर न्या.

आता पाण्याची टाकी, जिथे चांगल्या सोसायट्याही चुकतात. पहिल्या रेघेलाच वरची टाकी काठोकाठ भरून घ्या आणि पंपाच्या स्टार्टरला कुलूप लावा. पूर ओसरल्यावर कुणीतरी सवयीने पंप सुरू करतो, जमिनीखालच्या टाकीतलं मैलापाणी वर चढतं आणि अख्ख्या इमारतीचं चांगलं पाणी जातं. खालची टाकी पूर्ण उपसा, गाळ काढून भिंती घासा, स्वच्छ पाण्याने भरून दर हजार लिटरला 150 ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर घाला. पावडर आधी बादलीत कालवून, निवळी तेवढी ओतायची. रात्रभर ठेवून ते पाणी टाकून द्या, मग पुन्हा भरा. टाकीत उतरण्याआधी झाकण उघडून हवा खेळू द्या, आणि उतरणाऱ्याच्या कमरेला दोर बांधून वर एक माणूस उभा ठेवा.

पायाला जखम असेल तर चिखलात उतरू नका. उतरावंच लागलं तर गमबूट घाला, आणि लेप्टोच्या (उंदरांच्या मुतातून पुराच्या पाण्यात पसरणाऱ्या तापाच्या) प्रतिबंधक गोळीबद्दल त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा. सफाई सुरू करण्याआधी भिंतीवरच्या पाण्याच्या रेघेचे फोटो घ्या, शेजारी मोजपट्टी धरून, प्रत्येक खोलीचे वेगळे. भिंती एकदा धुतल्या की पंचनाम्याला दाखवायला काही उरत नाही. बुडालेल्या गाडीला स्टार्टर मारू नका. इंजिनात पाणी शिरलेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. ती ओढूनच गॅरेजला न्यायची.