नळातलं फ्लोराइड आणि एका प्लंबरचा हिशेब

कॅनडातल्या कॅल्गरी शहरात दात किडू नयेत म्हणून ३० जून २०२५ पासून नळाच्या पाण्यात पुन्हा फ्लोराइड घालायला सुरुवात झाली आणि आमच्या प्रयोगशाळेच्या काउंटरवर बाटल्या घेऊन येणारे लोक वाढले. मी पाणी तपासते. एरवी खाजगी नमुने आणतात ते विहिरीवाले शेतकरी किंवा घर विकायला काढलेली मंडळी. त्यांना जिवाणू आणि नायट्रेट तपासून हवं असतं. फ्लोराइड मागणारा कुणी आला की आमचे पर्यवेक्षक मागच्या मागे म्हणतात, "आला षड्‌यंत्रवाला." मला हे अजिबात पटत नाही. खिशातले पैसे भरून तपासणी करून घेणारा माणूस निदान आकडा बघायला तयार असतो.

जुलैत आलेले ते गृहस्थ सत्तरी ओलांडलेले, निवृत्त प्लंबर. फ्लोराइड सुरू होण्याआधीचा एक नमुना त्यांनी जूनमध्येच देऊन ठेवला होता. आता नंतरचा आणला होता. झाकणाला चिकटपट्टी, तिच्यावर तारीख, वेळ आणि 'स्वयंपाकघर, गार नळ, पाच मिनिटं पाणी सोडून'. इतकी शिस्त आमच्याकडे नमुने आणणारे पगारी लोकसुद्धा पाळत नाहीत. फक्त या खेपेला बरणी जॅमची, काचेची होती. फ्लोराइडसाठी काच चालत नाही, म्हणून मी त्यांना प्लॅस्टिकची बाटली दिली. ते कुरकुर न करता घरी गेले आणि तासाभरात भरून घेऊन आले. मग म्हणाले, "तपासताना बघू शकतो का?" काउंटरच्या बाजूला काचेची खिडकी आहे, तिथे मी त्यांना उभं केलं.

ही तपासणी बघायला साधी वाटते, पण हात लागतो. पाण्यात बुडवायच्या इलेक्ट्रोडच्या, म्हणजे मोजणाऱ्या कांडीच्या, टोकाला लँथॅनम फ्लोराइडचा स्फटिक असतो. पाण्यात मोकळं फ्लोराइड किती, त्यानुसार व्होल्टेज बदलतं. मोकळं हा शब्द महत्त्वाचा. पाणी निवळायला तुरटीच्या जातीचं रसायन वापरलं असेल तर त्यातलं थोडं अॅल्युमिनियम मागे उरतं आणि ते फ्लोराइडला धरून ठेवतं. धरलेलं फ्लोराइड इलेक्ट्रोडला दिसत नाही, आकडा कमी येतो. म्हणून नमुन्यात बरोबरीनं बफर नावाचा द्राव घालायचा. तो अॅल्युमिनियम स्वतःकडे ओढून घेतो आणि आम्लताही नेमकी राखतो. ढवळणाऱ्या चुंबकी यंत्राची मोटर तापते, ती ऊब बीकरपर्यंत गेली तरी वाचन सरकतं; म्हणून मी मध्ये फोमचा तुकडा ठेवते. नवीन पोरं तो तुकडा कचरा समजून फेकतात. तुलनेसाठीची, फ्लोराइड किती ते माहीत असलेली प्रमाणद्रावणं, नमुने सगळं एकाच तापमानाला आलेलं हवं, आणि फ्लोराइड दहापट झालं की साधारण ५९ मिलिव्होल्टचा फरक दिसल्याशिवाय मी पुढे जात नाही. प्लंबरबाबा सगळं बघत होते. फोमबद्दल त्यांनी आपणहून विचारलं, तेव्हाच मला कळलं की या माणसाशी नीट बोलायला हवं.

जूनचा नमुना ०.१६, आताचा ०.६८ मिलिग्रॅम प्रतिलिटर. शहराचं लक्ष्य ०.७ आहे. शहराचं पाणी येतं त्या बो आणि एल्बो या नद्यांत मुळातच ०.१ ते ०.४ असतं, बाकीची भर जलशुद्धीकरण केंद्रात घालतात.

अहवाल हातात घेऊन ते म्हणाले, "आकड्याबद्दल मला शंका नव्हती. मला पावती हवी होती. अर्धा मिलिग्रॅम. त्यासाठी २ कोटी ८१ लाख डॉलर."

त्यांना तारखा पाठ होत्या. १९८९ च्या जनमतात फ्लोराइडला जेमतेम बहुमतानं कौल मिळाला आणि १९९१ ला फ्लोराइड सुरू झालं. २०११ मध्ये नगरपरिषदेनं जनमत न घेता दहा विरुद्ध तीन मतांनी ते थांबवलं. यंत्रणा जुनी झाली होती, ती बदलायला साठ लाख डॉलर लागणार होते, आणि ते वाचवायचे हे त्यातलं एक मोठं कारण. २०२१ च्या जनमतात ६२ टक्के लोक 'सुरू करा' म्हणाले. तेव्हा खर्चाचा अंदाज १ कोटी १ लाखाचा होता, काम होईतो तो जवळपास तिप्पट झाला. "मी विरोधात मत दिलं होतं. पण बाजूनं मत देणाऱ्यांनी तरी कुठल्या किमतीला दिलं?"

मी शिकलेलं उत्तर देणार होते. विषाचा प्रश्न मात्रेचा असतो, कॅनडात मर्यादा १.५ आहे, आपण तिच्या निम्म्याखाली आहोत. त्यांनी हातानं थांबवलं. "ते मला माहीत आहे. मी विष म्हटलंच नाही."

आमच्या क्षेत्राचं हेच चुकतं. खर्चाला विरोध करणाऱ्यालाही आम्ही रसायनशास्त्र सांगत बसतो. माहितीपत्रकं काढा, सभेला जा. लोक विचारतात पैशाचं, आम्ही बोलतो सुरक्षिततेचं. मग त्या माणसाला वाटतं, पैशाबद्दल यांच्याकडे उत्तर नाही.

त्यांचा मुद्दा पाइपचा होता. ५ जून २०२४ ला बेअरस्पॉ केंद्राकडून येणारी, १९७५ साली टाकलेली मोठी जलवाहिनी फुटली. शहरभर पाणी जपून वापरायची वेळ आली. हे गृहस्थ आंघोळीचं पाणी बादलीत धरून संडासात ओतत होते. त्यांची हयात पाइपांत गेलेली. "आधी जमिनीखालचं बघा. आणि मुलांचे दात हवेत तर शाळेत जाऊन दाताला फ्लोराइडचा लेप लावा. हिरवळीवर कशाला शिंपडता? नळाचं किती पाणी पोटात जातं, सांगा."

फार थोडं जातं, हे खरंच आहे.

मी त्यांना माझ्या मामाचं सांगितलं. माझं आजोळ यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्याकडे. तिथे फ्लोराइड कुणी घालत नाही, ते खडकातून उतरतं, आणि तेही जास्तीचं. मामाचे दात मातकट, आणि मान वळवायची तर अख्खं अंग वळवावं लागे. हे पाणी पिऊ नका म्हणून हातपंपाला लाल रंग मारून गेले तरी बाया तेच पाणी भरत, कारण दुसरं पाणी लांब होतं. घरोघर सांगून, माणसामाणसाला समजावून ते थांबलं नाही. चांगलं पाणी नळानं दारात आलं तेव्हाच फरक पडला.

"म्हणजे तुम्ही माझ्या बाजूच्या," ते म्हणाले.

नाही, असं मी स्पष्ट सांगितलं. मामाकडे बघून मी शिकले ते हे, की पाण्यातून जे येतं ते सगळ्यांना मिळतं, चांगलंही आणि वाईटही. शाळेतला लेप त्या दिवशी हजर असलेल्या पोराला मिळतो, आईबापांनी फॉर्मवर सही केली असेल तर. नळ सही मागत नाही. आमच्याच प्रांतातल्या एडमंटन शहरात १९६७ पासून फ्लोराइड आहे. फ्लोराइड बंद असलेल्या वर्षांत दोन्ही शहरांतली दुसरीची मुलं तपासली, तेव्हा कॅल्गरीत ६४.८ टक्के मुलांच्या दुधाच्या दातांना कीड होती, एडमंटनमध्ये ५५.१. २०११ मध्ये जे पैसे वाचले म्हणतात, त्यातले किती नंतर आईबापांनी दंतवैद्याकडे मोजले, हे नगरपालिकेच्या खात्यात दिसत नाही. यंत्रणेचा खर्चही माणशी वीस डॉलरच्या आसपास येतो, तोही एकदाच; पुढे चालवायला वर्षाला माणशी डॉलरसुद्धा नाही.

त्यांनी ते ऐकून घेतलं. मग म्हणाले, "नऊ-दहा टक्के. आणि आता घरोघर फ्लोराइडची टूथपेस्ट असताना?" हाही मुद्दा पोकळ नाही. कॉक्रेन ही संस्था वैद्यकीय संशोधनं एकत्र करून तपासते; तिच्या २०२४ च्या आढाव्यात हेच आहे, की टूथपेस्ट सर्रास झाल्यापासून पाण्यातल्या फ्लोराइडचा फायदा पूर्वीपेक्षा कमी झालाय. मी ते त्यांना सांगितलं. लपवण्यासारखं त्यात काही नाही, आणि लपवलं की अशी माणसं कायमची दुरावतात.

तरीही माझं मत बदललेलं नाही. ज्या घरात टूथपेस्ट संपली की आठवडाभर आणली जात नाही, त्या घरातल्या पोरासाठी हा खर्च आहे, आणि ते पोर कुठल्याच सभेत बोलायला येत नाही. पण अंदाज तिप्पट का झाला याचा ओळीओळीचा हिशेब प्लंबरबाबांना मिळायला हवा, यावरही मी ठाम आहे. तो मागितला म्हणून त्यांना षड्‌यंत्रवाला म्हणणं अन्याय आहे. पर्यवेक्षकांना मी हे त्याच संध्याकाळी सांगितलं. ते म्हणाले, आपलं काम आकडा देणं. आकडा कशासाठी मागितला हे न कळता तो दिला तर लोक त्याचं काय करणार, हे त्यांना सुचत नाही.

जाताना प्लंबरबाबांनी आणखी एक प्लॅस्टिकची बाटली मागून घेतली. हिवाळ्यात नदीचं पाणी बदलतं, तेव्हाही केंद्रवाले ०.७ ला धरून राहतात का, हे त्यांना बघायचंय. जानेवारीचा नमुना मीच लावणार आहे.