कोसंबींचं सूत्र आणि खाजनातलं भात

मी बायोलॉजी आणि कम्प्युटर सायन्सच्या मध्ये काम करते असं सांगितलं की बहुतेकांना वाटतं, बायोलॉजीवाले डेटा आणून देत असणार आणि मी तो मशीनमध्ये घालून उत्तर काढून देत असणार. तेही काम असतंच, पण त्यात मला कधी मजा आली नाही. मजा कुठे आहे ते मला कळलं ते आपल्याच गोव्याच्या माणसामुळे.

दामोदर धर्मानंद कोसंबी, जन्म १९०७. आपल्याकडे ते इतिहासकार म्हणून माहीत आहेत, पणजीत त्यांच्या नावाने व्याख्यानं होतात, पण हा माणूस मुळात गणिती आणि १९४४ साली त्यांनी जेनेटिक्सवर एक पेपर लिहिला, त्यातलं सूत्र आजही जगभर वापरतात. माझ्या सॉफ्टवेअरमध्ये गुणसूत्रावर काय कुठे आहे त्याचा मॅप बनवताना पर्याय येतो, हाल्डेनचं सूत्र की कोसंबींचं, आणि दरवेळी ते नाव स्क्रीनवर बघून मला भारी वाटतं.

प्रकरण असं की गुणसूत्रावरच्या दोन जागा जितक्या लांब, तितकी त्यांच्यामध्ये अदलाबदल, म्हणजे क्रॉसओव्हर, व्हायची शक्यता जास्त, त्यामुळे अदलाबदल मोजून अंतर काढता येतं. पण मध्ये दोनदा अदलाबदल झाली तर मूळची जोडी परत जमते आणि आपल्याला काहीच दिसत नाही, म्हणून दुरुस्ती करावी लागते. हाल्डेन या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९१९ मध्ये धरलं की प्रत्येक अदलाबदल स्वतंत्र असते. पेशीत सहसा तसं नसतं, एका ठिकाणी झाली की लगेच शेजारी दुसरी व्हायला अडथळा येतो. कोसंबींनी तो अडथळाच सूत्रात बसवला! २० टक्के अदलाबदल दिसली तर हाल्डेनचं उत्तर २५.५ सेंटिमॉर्गन (हे असं अंतर मोजायचं एकक) आणि कोसंबींचं २१.२. भातात सरासरीने हा फरक दहा लाखांच्या आसपास डीएनए अक्षरांचा होतो, आणि जीन शोधणाऱ्याला तेवढ्यात कितीतरी जीन्स चाळावे लागतात. पेशी कशी वागते ते माहीत नसेल तर हे गणित सुचणारच नाही, आणि नुसतं पेशीचं माहीत असून गणित येत नसेल तरीही नाही.

माझं काम खाऱ्या पाण्यात तग धरणाऱ्या भातावर आहे. आपल्या खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या खारट शेतात, कोरगुट नावाचं भात पिकतं ते बघितलंय ना? रोपांना मिठाचा त्रास किती झाला त्याचे १ ते ९ असे मार्क देतात, ९ म्हणजे रोप गेलंच. आमच्या शीटमध्ये एका कोपऱ्यातल्या वाफ्यांना सगळीकडे ७ आणि ९, जात कुठलीही असो. टीममधल्या कोडिंगवाल्या मित्राचं म्हणणं, आउटलायर आहेत, म्हणजे बाकीच्यांशी न जुळणारे आकडे, काढून टाकूया. मी म्हटलं आधी शेतात चल.

तो कोपरा मानशीला, म्हणजे खाडीचं पाणी अडवणाऱ्या बांधातल्या दारांना, लागून होता. भरतीला मानशीची दारं पाण्याच्या दाबाने आपोआप बंद होतात, ओहोटीला उघडतात, पण इथली लाकडी फळी जुनी झालीय आणि भरतीच्या वेळी फटीतून पाणी आत येताना दिसतच होतं. शेतातल्या काकांनी सांगितलं की तिथे दरवर्षी असंच होतं, म्हणून ते स्वतः तिथे लावतच नाहीत. मित्राने उभ्या उभ्या फोनवर वाफ्यांचा नकाशा काढला, मानशीपासूनचं अंतर लिहिलं, आणि ते मॉडेलमध्ये एक वेगळा कॉलम म्हणून गेलं. एकही वाफा काढला नाही. कुठले मार्क पाण्यामुळे आणि कुठले बियाण्यामुळे हे आता बरंच वेगळं करता येतं, आणि ते वाफे उलट उपयोगाचे ठरले, कारण इतक्या खारात जे रोप ५ वर थांबलं त्याच्याकडे बघायलाच हवं.

कोसंबींनी जुन्या नाण्यांवर काम केलं तेव्हा हजारो नाणी स्वतः तोलली होती, चलनात घासून वजन कसं कमी होतं ते बघायला. मला वाटतं आमच्या विषयाच्या पोरांना पायथॉन शिकवतात तसं हेही शिकवायला पाहिजे, पहिल्याच सेमिस्टरला. आकडा जिथून येतो तिथे एकदा तरी उभं राहायचं.

येत्या पावसाळ्यात प्रत्येक वाफ्यात खारटपणा मोजायचा बेत आहे, भरतीला वेगळा आणि ओहोटीला वेगळा. मित्र स्वतःहून येतो म्हणालाय.