मुळशीचे पाणी आणि चाकणच्या खोल्या

भांडवलशाहीचा उदय म्हटला की मँचेस्टरच्या गिरण्या डोळ्यांसमोर येतात आणि आपल्याकडे विचार फार तर परळ-लालबागपर्यंत पोहोचतो. पुण्याचे नाव त्या ओघात सहसा निघत नाही. मार्क्सच्या ‘भांडवल’ या ग्रंथाच्या पहिल्या खंडाचा (१८६७) शेवटचा भाग वाचताना मला मात्र पुणे जिल्ह्याचा नकाशा वारंवार आठवत होता, आणि म्हणून या पावसाळ्यात तो नकाशा प्रत्यक्ष पाहण्यासाठी मी पुण्याला गेलो.

त्या भागात मार्क्सने मांडलेला मुद्दा असा, की नुसता पैसा साठला म्हणून भांडवल उभे राहत नाही. ज्याच्याजवळ कसायला जमीन आहे तो दुसऱ्याच्या कारखान्यात राबायला आपखुशीने जात नाही. त्याला आधी जमिनीपासून तोडावे लागते. इंग्लंडमध्ये गावकुरणांना कुंपणे घालून हे झाले, आणि स्कॉटलंडमधील सदरलँडच्या जहागिरीतून १८१४ ते १८२० या काळात सुमारे १५,००० माणसे हुसकावून तेथे मेंढ्या पाळल्या गेल्या.

सुरुवात शनिवारवाड्यापासून केली. दिल्ली दरवाजासमोर सहलीला आलेल्या मुलांची गर्दी होती आणि बाजीरावाच्या पराक्रमाच्या गोष्टी चालल्या होत्या. माझ्या मनात मात्र १८१७ हे साल होते. त्या वर्षी लंडनमध्ये डेव्हिड रिकार्डो या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाचा अर्थशास्त्रावरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी १७ नोव्हेंबरला या वाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. या दोन घटनांचा संबंध दहा-अकरा वर्षांतच जुळला. पुणे भागात जमीनमोजणी करणाऱ्या प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने रिकार्डोचा जमिनीच्या खंडाचा, म्हणजे भाड्याचा, सिद्धांत प्रमाण मानला, लागवडीचा खर्च वजा जाता उरणाऱ्या निव्वळ उत्पन्नाचे ५५ टक्के सरकारी सारा म्हणून ठरवले, आणि त्या आकारणीच्या ओझ्याखाली इंदापुरातल्या जमिनी पडीक पडल्या. अखेर १८३६ मध्ये सरकारला त्याच इंदापुरातून नव्याने आकारणी सुरू करावी लागली. ज्या रिकार्डोचा मूल्यसिद्धांत उलगडत मार्क्स वरकड मूल्यापर्यंत, म्हणजे कामगाराने मजुरीहून जास्त निर्माण केलेल्या आणि मालकाच्या हाती पडणाऱ्या मूल्यापर्यंत पोहोचला, त्याच रिकार्डोच्या नावाने आपल्या कुणब्याच्या पाठीवर आधी सारा बसला होता, ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांत यायला हवी असे मला मनापासून वाटते.

पुढची हकीकत बरीच परिचित आहे. सारा रोखीने भरायचा म्हणून सावकार आला, अमेरिकेतील यादवी युद्धामुळे चढलेला कापसाचा भाव युद्ध संपताच कोसळला, आणि मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांची घरे गाठून कर्जरोखे जाळले. दुपारी गंज पेठेतील फुले वाड्यात विहिरीजवळ बराच वेळ बसलो. ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ मध्ये याच वातावरणात पुरा झाला. गोरा अंमलदार आणि त्याच्या हाताखालचा भटकारकून यांच्या कचाट्यात शेतकरी कसा सापडतो, हे जोतीरावांनी त्यात दाखवले आहे. जातीला बाजूला ठेवून वर्गाचा हिशेब मांडणाऱ्यांना महाराष्ट्राचे गणित का सुटले नाही, याचे उत्तर मला तेथेच मिळते.

दुसऱ्या दिवशी पौड रस्त्याने मुळशीला गेलो. चांदणी चौक मागे पडला की इमारतींच्या जाहिराती विरळ होत जातात, पौडनंतर भाताची खाचरे लागतात आणि मग एकाएकी तो विस्तीर्ण जलाशय समोर येतो. रस्त्याकडेला गाड्या लावून लोक छायाचित्रे काढत होते. मावळातली आंबेमोहोराची खाचरे, घरे, देवळे यांवर हे पाणी उभे आहे. टाटांच्या वीज कंपनीला येथे धरण हवे होते, कारण मुंबईच्या गिरण्या कोळशाऐवजी विजेवर चालवायच्या होत्या. सरकारने १८९४ चा भूसंपादन कायदा लावून जमिनी मिळवून दिल्या. मुळा नदीचे पाणी अडवून ते घाटाखाली भिरा येथील वीजगृहाकडे सोडले जाते.

१६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मावळ्यांनी धरणाच्या कामावर सत्याग्रह सुरू केला. सेनापती बापटांचे नाव आपण ऐकलेले असते. पण या लढ्यात मला सर्वांत बोलका वाटतो तो सावकारांचा वाटा. येथल्या कितीतरी जमिनी पुण्यातील सावकारांकडे गेलेल्या होत्या. मूळ शेतकरी त्याच जमिनी कूळ म्हणून कसत होते. मोबदल्याचा प्रश्न निघाला तेव्हा सावकाराला पैशाशी मतलब होता, तर कुळाला वाफ्याशी. आणि सावकार मोबदल्याकडे वळल्यावर लढा आतून पोखरला गेला. परकी सत्तेविरुद्ध सगळे एक, असे म्हणणाऱ्या राष्ट्रीय चळवळीच्या पोटात वर्गाची फट कशी होती, हे यापेक्षा स्पष्ट कोठे दिसणार?

पाण्याच्या कडेला कणसे भाजणाऱ्या एका बाईंना मी विचारले, “मावशी, तुमचं जुनं गाव कुठलं?” त्यांनी हातातला पंखा न थांबवता हनुवटीने पाण्याकडे खूण केली. सासऱ्यांच्या वडिलांचे घर तिकडे होते, उन्हाळ्यात पाणी फार उतरले तर जोती दिसतात, असे त्या म्हणाल्या. कणसाचे पैसे त्यांनी लुगड्याच्या कनवटीला लावले आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या. ज्या टपरीत त्या बसल्या होत्या तिच्या जागेचे भाडे त्या शेजारच्या एका रिसॉर्टवाल्याला देत होत्या.

तिथून चाकणला जाणे म्हणजे त्याच प्रक्रियेचा पुढचा टप्पा पाहणे होते. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये स्थापन झाले. आधी पिंपरी-चिंचवड, भोसरी आणि नंतर चाकण असा कारखान्यांचा पट्टा वाढत गेला. महाळुंगे-निघोजे भागात कंपन्यांच्या भिंतींना लागून भाड्याच्या खोल्यांच्या लांबच लांब रांगा आहेत. एका खोलीत नांदेड, लातूर, बुलढाण्याकडची चार-पाच मुले, दोरीवर निळे गणवेश, दाराशी सुरक्षा बूट, आणि पहिल्या पाळीवरून आलेला झोपतो त्याच गादीवरून दुसऱ्या पाळीचा उठून गेलेला असतो. खोल्यांचे मालक बहुतेक जमीन गेलेले शेतकरीच आहेत. म्हणजे मुळशीत जो कूळ होऊन बाहेर फेकला गेला, तोच चाकणमध्ये भाडे घेणारा झाला आहे, आणि त्याचे भाडे मराठवाड्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या मुलाच्या मजुरीतून निघते. कष्टकऱ्यांची एकजूट म्हणताना या गुंत्याला वळसा घालणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते.

कामगार चळवळीचे आद्य पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांचे मूळ गाव कन्हेरसर, चाकण ज्यात येते त्याच खेड तालुक्यातले. त्यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या ५,५०० गिरणी कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले आणि १० जून १८९० रोजी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली. बारमाही कामातली कंत्राटी पद्धत बंद करण्याचा अधिकार १९७० च्या कायद्याने सरकारला दिला होता. तरीही चाकणमध्ये कायम कामगार, ट्रेनी आणि कंत्राटी कामगार एकाच लाइनवर एकच काम करतात आणि तीन वेगळे पगार घेतात. ठरावीक महिने झाले की ‘ब्रेक’ देऊन ठेकेदार पुन्हा नव्याने भरती करतो, त्यामुळे नोकरी कधी जुनी होतच नाही.

हे सारे मला आयटीआय फिटर झालेल्या एका मुलाने चहाच्या टपरीवर नीट समजावून सांगितले. कायम कामगारांच्या युनियनने पगारवाढीच्या करारात तुमचाही हिशेब धरला पाहिजे, असे मी म्हणालो. त्यावर तो लगेच म्हणाला, “काका, आधी आम्हाला सभासद तरी करून घ्या म्हणावं त्यांना. वर्गणी द्यायला आम्ही तयार आहोत.”