आमची वाटचाल : शिवतो कमी, धुणं जास्त सांगतो

बऱ्याच जणी विचारतात की कापडी डायपरचा धंदा कसा सुचला, तर त्यात सांगण्यासारखं फार काही नाही, मी आणि माझी जाऊ, भांडुपला एक छोटा गाळा, शिलाई मशीन आणि ओव्हरलॉक. बाहेरचं कव्हर पीयूएलचं, म्हणजे पॉलिएस्टरला पॉलियुरेथेनचा पातळ थर, आणि आत सुती नाहीतर मायक्रोफायबरचा इन्सर्ट, म्हणजे ओल शोषणारा पॅड. शिवण जमली, ऑर्डरी आल्या आणि पाठोपाठ फोन, "ताई, लीक होतंय हो."

माप तपासलं, इलास्टिक तपासलं, सगळं व्यवस्थित. शेवटी कांदिवलीच्या एका ताईंना म्हटलं, तुमचा इन्सर्टच पाठवा बघू. त्यावर पाण्याचा थेंब टाकला तर तो अळवाच्या पानावर बसतो तसा वरच बसून राहिला, आत जाईचना! मग साबण न घालता नुसत्या गरम पाण्यात चोळला तर बादलीत हा फेस. त्यांची सोसायटी टँकरवर, बोअरचं जड पाणी, त्यात वास छान यावा म्हणून प्रत्येक धुण्याला फॅब्रिक सॉफ्टनर. सॉफ्टनरचा थर धाग्यावर बसतो, हाताला कापड मऊ लागतं पण पाणी प्यायचं बंद करतं. आम्ही भांडुपवाले, पालिकेचा फिल्टर प्लांट आमच्या दाराशी, तलावाचं हलकं पाणी नळाला, त्यामुळे आमच्या घरी हा त्रास कधी दिसलाच नव्हता.

तेव्हापासून फोनवर आमचा पहिला प्रश्न, पाणी पालिकेचं की टँकरचं? जड पाण्याला पावडर जास्त लागते, जोडीला थोडा धुण्याचा सोडा. लोक उलट करतात, बाळाचे कपडे म्हणून चिमूटभर पावडर घालतात आणि मग अमोनियाचा वास येतो म्हणून डायपरला नावं ठेवतात. लघवीतल्या युरियाचा अमोनिया होतो, तो नीट धुतल्याशिवाय जात नाही. ओले डायपर झाकणाच्या बादलीत कोंबून ठेवू नका, जाळीच्या बास्केटमध्ये टाका, आणि रात्रीचा डायपर सकाळी लगेच खळबळून घ्या. अंगावर पिणाऱ्या बाळाची शी पाण्यात सुटून जाते, वरचं खाणं सुरू झालं की मात्र आधी संडासात झटकायची. मशीनमध्ये एकदा छोटं धुणं, मग पावडर घालून मोठं, 40 ते 60 डिग्रीवर. कव्हर उकळायचं नाही म्हणजे नाही, थर सुटतो, आणि क्लोरीनच्या ब्लीचने इलास्टिक जातं. रॅशचं झिंकवालं क्रीम लावत असाल तर मध्ये एक सुती फडकं घाला, ते क्रीमही पाणी अडवतं.

कोरा सुती इन्सर्ट चार-पाच धुण्यांनंतर नीट शोषायला लागतो, हे आता पाकिटावरच मोठ्या अक्षरात छापलंय. तरी फोन येतातच.

खरी परीक्षा जुलैत. दोरी घरात, पंखा फुल्ल, आणि जाड इन्सर्ट दुसऱ्या दिवशीही दमट, त्यामुळे पावसाळ्यात नवं गिऱ्हाईक सहसा फिरकत नाही. त्यावर आम्ही एकपदरी मोठा चौकोन काढला, घडी घालून वापरायचा, उलगडला की पंख्याखाली पटकन वाळतो. सुना व्हिडिओ मागतात घडीचा, सासूबाया म्हणतात, यात शिकवायचं काय, हा लंगोटच की! आणि त्याच सासूबाया पिवळ्या डागांना घाबरून आमच्याकडे तक्रार करतात, त्यांना सांगते, डायपर ओला असतानाच ग्रिलवर उन्हात घाला, ऊनच डाग खातं.

सध्या इलास्टिक बदलून द्यायचं कामही घेतलंय, दुसऱ्या बाळाला तेच कव्हर काढणाऱ्या बऱ्याच आहेत. पाठवायचं असेल तर पाठवा, कुरियरचा खर्च तुमचा. फक्त प्लीज धुवून पाठवा.