नाणं खोटंच निघू दे!

तुर्कस्तानातल्या इफिसस या प्राचीन शहराच्या अवशेषांपाशी, खालच्या फाटकाबाहेर एक म्हातारबा थेट माझ्याकडेच आले. खिशातून रुमाल काढला, गाठ सोडली. "रोमन. ओरिजिनल. माझ्या शेतात सापडली."

आठ-दहा नाणी होती. त्यातल्या एकावर डोळा अडकला. तांब्याचं, आपल्या जुन्या बंद्या रुपयाहून बरंच मोठं. एका बाजूला समोर बघणारा सम्राट, हातात क्रूस लावलेला गोल. दुसऱ्या बाजूला भलंथोरलं 'एम'. ग्रीक मोजणीत हे अक्षर म्हणजे ४०, म्हणून हे ४० नुम्मींचं (नुम्मी म्हणजे तेव्हाचं सगळ्यात लहान नाणं) नाणं, त्याचं नाव फोलिस. डावीकडे उभ्या ओळीत 'अन्नो', उजवीकडे रोमन आकड्यात तेरा, तळाला 'कॉन'. कॉन्स्टँटिनोपलची (आजच्या इस्तंबूलची) टांकसाळ, सम्राट जस्टिनियनच्या राजवटीचं तेरावं वर्ष. तो गादीवर आला ५२७ साली, म्हणजे हे ५३९-४० चं. आधीच्या रोमन नाण्यांवर सम्राट कितव्यांदा कॉन्सल (रोममधलं मोठं सरकारी पद) झाला वगैरे पदव्या जुळवत साल काढावं लागतं. इथे आयतं! नवशिक्यानं बायझंटाईन, म्हणजे पूर्वेकडच्या रोमन साम्राज्याच्या, नाण्यांपासूनच सुरुवात करावी, असं माझं मत त्यामुळेच आहे.

पण रुमालात तसंच आणखी एक होतं. दोन्ही शेजारी धरली. सम्राटाच्या गालावर ओरखडा, दोघांच्याही, त्याच जागी. हातोड्यानं ठोकून पाडलेली दोन नाणी अशी जुळी निघत नाहीत, ही एकाच साच्यातली. कडेला कानस फिरवल्याच्या खुणाही होत्या. दगडावर टाकून पाहिलं तर बद्द वाजलं.

वीस युरोंवरून पाचावर सौदा ठरला. खरं असतं तर हात लावला नसता. तुर्कस्तानातून जुनी नाणी बाहेर नेणं गुन्हा आहे.

दुपारी जवळच्याच सेल्चुक गावातल्या अयासुलुक टेकडीवर गेलो. संत जॉनचं मोडकळलेलं चर्च जस्टिनियननंच बांधवलेलं. खांबांच्या माथ्यांवर त्याची आणि त्याची राणी थिओडोरा हिची अक्षरं एकमेकांत गुंफून कोरलेली आहेत. आमच्या घरच्या पितळी डब्यांवर आजीचं नाव कोरलंय, त्याची आठवण झाली. ऊन असं होतं की तिथे दहा मिनिटांवर टिकलो नाही.

खरी गंमत इझमीरच्या विमानतळावर. तपासणीच्या यंत्रात माझी बॅग थांबली. नाणं बाहेर आलं. एक अधिकारी, मग दुसरा, मग भिंग घेऊन तिसरे. एरवी नाणं हातात आलं की ते खरं असावं म्हणून माझा जीव खालीवर होतो. त्या दिवशी ते खोटं ठरावं म्हणून मी देव पाण्यात घालून बसलो होतो. गालावरचा ओरखडा, कानशीच्या खुणा, सगळं मीच उत्साहानं दाखवत होतो.

तिसऱ्यांनी कड न्याहाळली, नाणं टेबलावर टाकलं, आवाज ऐकला. मग विचारलं, "केवढ्याला घेतलं?"

"पाच युरो."

ते मनापासून हसले आणि बाजूच्याला तुर्कीत काहीतरी म्हणाले. तोही हसला.