हातपंप, स्कूबा टाकी आणि मे महिन्यातला सीओटू

मुलीच्या दहा मीटर नेमबाजीच्या एअर रायफलचा हवेचा सिलेंडर २०० बारचा, म्हणजे कारच्या टायरच्या साधारण नव्वदपट प्रेशर, आणि रेंजवरचा हवा भरायचा कॉम्प्रेसर नेमका मॅचच्या आठवड्यात बंद. मग काय, हातपंप काढला. दीडशेपर्यंत ठीक जातं हो, पण पुढचे पन्नास बार म्हणजे अख्खं वजन हँडलवर टाकून लोंबकळायचं, त्यात पंप असा तापतो की मध्ये थांबावंच लागतं, नाहीतर आतले सील (हवा अडवणाऱ्या रिंगा) गेलेच म्हणून समजा. दमट हवेतलं पाणी आत जातं ते वेगळंच.

स्कूबाची, म्हणजे पाणबुड्यांची हवेची टाकी मस्त, कोरडी हवा, मेहनत शून्य, फक्त प्रत्येक भरण्याला तिचं प्रेशर उतरतं, म्हणून फुल २०० सुरुवातीलाच मिळतं. जुन्या रायफली सीओटूवर (कार्बन डायऑक्साइडवर) चालायच्या, वीस डिग्रीला साधारण ५७ बार, पण तापमान वाढलं की प्रेशरही चढतं, आपल्या मे महिन्यात नेम कसा टिकणार!

एकाने वेल्डिंगवाल्याकडून ऑक्सिजन भरून घे म्हणून सुचवलं. अजिबात नाही, तेला-ग्रीसशी गाठ पडली की स्फोट होतो.